आठ जणी, एकच रंगसंगती: गोधडीच्या कलर चॅलेंजबद्दल वाचकांचे प्रश्न

गटातल्या सगळ्यांनी मिळून एक रंगसंगती ठरवायची, प्रत्येकीने त्यातून भिंतीवर लावायची आपापली गोधडी करायची आणि शेवटी सगळ्या एका रांगेत टांगायच्या. अशा कलर चॅलेंजबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही आठ जणी आहोत. ‘हळदी पिवळा आणि जांभळा सगळ्यांचा, तिसरा रंग आपापला’ असं ठरलं. माप १६ बाय २४ इंच. कापड मात्र प्रत्येकीने आपापलं आणलं. आता कुणाचा पिवळा लिंबाकडे झुकतो, कुणाचा केशराकडे. एक जण न्यू जर्सीला असते, तिला आम्ही फोटो पाठवून रंग कळवला होता. तिचा जांभळा तर थेट वांगी निघाला. काय चुकलं? (नाशिक)

रंग तुम्ही नावाने ठरवलात आणि फोटोने कळवलात. दोन्हींवर विसंबता येत नाही. फोनचा कॅमेरा खोलीतल्या उजेडाप्रमाणे रंग स्वतःच बदलून घेतो आणि समोरचा स्क्रीन त्यात आणखी भर घालतो. जांभळ्याची सर्वांत जास्त फसगत होते. सामायिक रंग असतील तर सामायिक कापडच घ्या. एकाच दुकानातून, एकाच ताग्यातून घ्या. तोच रंग, तोच नंबर असला तरी दुसऱ्या ताग्याची रंगणी वेगळी असू शकते आणि गोधड्या शेजारी लागल्या की तो फरक उठून दिसतो.

हिशोब असा करा. या मापाला ४४ इंच पन्ह्याचं कॅम्ब्रिक किंवा पॉपलीन दर रंगाचं अर्धा मीटर भरपूर होतं. आठ जणींचे चार मीटर, वर अर्धा मीटर जास्त, म्हणजे दर रंगाचं साडेचार मीटर. वाटण्याआधी ते सगळं एकदम धुऊन घ्या. सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं, तेव्हा साडेचार मीटरांतले वीसेक सेंटिमीटर तिथेच जातील. मग वाटा. न्यू जर्सीच्या मैत्रिणीला कापड पाठवणं जमणार नसेल तर २ बाय ३ इंचाचा धुतलेला तुकडा पोस्टाने पाठवा. दुकानात तो नव्या कापडावर ठेवून, दाराशी नेऊन, दिवसाच्या उजेडात पाहायचा. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक उजेडाला ती वेगळा प्रतिसाद देतात.

आता जी कापडं जमली आहेत ती टाकू नका. आठही पिवळे एकत्र करा, प्रत्येकाचे आठ भाग करा आणि प्रत्येकीने सगळे पिवळे वापरायचे असा नियम करा. एकच परका पिवळा खटकतो. आठ पिवळे एकत्र आले की ती ठरवून केलेली छटांची श्रेणी दिसते.

प्रश्न : पिवळा आणि जांभळा निम्मे-निम्मे वापरले. काम नीट झालं, पण बघताना डोळ्यांना त्रास होतो. (सांगली)

पिवळा हा सर्वांत उजळ रंग आणि जांभळा सर्वांत गडद. सारख्या जागेत ठेवले की पिवळा जांभळ्याला गिळतो. स्विस चित्रकार योहानेस इटेन १९१९ ते १९२३ या काळात जर्मनीतल्या वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होते. जर्मन कवी गटे यांनी दिलेल्या रंगांच्या उजळपणाच्या आकड्यांवरून त्यांनी जी प्रमाणं मांडली ती आजही कामाला येतात : पिवळ्याच्या एका भागाला जांभळ्याचे तीन, नारिंगीच्या एकाला निळ्याचे दोन, लाल आणि हिरवा मात्र सारखे. १६ बाय २४ म्हणजे ३८४ चौरस इंच. एवढ्या जागेत फक्त हे दोनच रंग असते तर पिवळ्याच्या वाट्याला ९६ चौरस इंच आले असते. तिसरा रंग आला की दोन्ही त्याच प्रमाणात कमी करा. हा आकडा शुद्ध, चढ्या रंगांचा आहे. पिवळा मातकट किंवा साईसारखा फिका असेल तर त्याला जास्त जागा देता येते.

तयार गोधडी उसवायची गरज नाही. पिवळ्यावर जांभळ्या दोऱ्याने दाट धावदोरा घाला. पाव इंचावर ओळी घेतल्या तर तो बराच शांत होईल.

प्रश्न : तीन रंग सुंदर आहेत, तरी गोधडी सपाट वाटते. आकारच दिसत नाहीत. (ठाणे)

तीनही रंग सारखेच गडद असणार. चॅलेंजमध्ये रंगाचं नाव सगळे पाळतात, पण फिकट ते गडद ही चढण कुणी ठरवत नाही, आणि आकार दिसतो तो तिच्यामुळेच. आमच्या मते गटाच्या नियमांत हा नियम पहिला हवा : दर रंगाच्या किमान तीन छटा आणि सगळ्या कापडांतून फिकट ते गडद अशा पाच पायऱ्या निघाल्या पाहिजेत.

सगळे तुकडे एका रांगेत ठेवा आणि एकाच फोटोत घ्या. वेगवेगळे फोटो काढले तर कॅमेरा प्रत्येकाचा उजेड वेगळा धरतो आणि तुलना फसते. मग फोटो काळा-पांढरा करा. जे तुकडे एकमेकांत मिसळून जातात त्यांच्यामध्ये शिवण टाकून आकार उठणार नाही. काही जणी लाल जिलेटिन कागदातून पाहतात. हिरव्या-निळ्या कापडांना ते ठीक आहे, पण त्यातून लाल, नारिंगी, गुलाबी कापडं आहेत त्याहून खूप फिकी दिसतात. तुमच्या संगतीत लाल असेल तर तो कागद बाजूला ठेवा.

बारीक छपाईचं कापड हातातून पाहिलं तर दोन रंगांचं वाटतं, पण सहा-सात फुटांवरून त्याचा एकच मधला रंग होतो. म्हणून कापडाची पायरी ठरवताना ते भिंतीवर टाचून लांबूनच पाहा.

प्रश्न : सगळ्यांना एकाच ताग्यातलं जांभळं कापड दिलं. तरी एका गोधडीत ते निळसर आणि दुसऱ्या गोधडीत तांबूस दिसतं. कापड बदललं गेलं असावं का? (पुणे)

बहुधा नाही, शेजारच्या रंगाचा हा परिणाम आहे. लालाशेजारी जांभळा निळ्याकडे सरकतो आणि निळ्याशेजारी लालाकडे. प्रत्येक रंग शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध बाजूला ढकलतो. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगणीचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्हरल यांच्याकडे अशीच तक्रार आली होती. विणलेल्या चित्रांत निळ्या-जांभळ्या कापडांच्या चुण्या दाखवायला वापरलेला काळा रंग फिका पडतो, असं विणकर म्हणत होते. रंगणी तपासली तर ती चोख होती, दोष शेजारच्या रंगांचा होता. या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक १८३९ साली आलं आणि पुढे चित्रकारांनीही ते अभ्यासलं.

खात्री करायची असेल तर करड्या पुठ्ठ्यात एकेका इंचाच्या दोन खिडक्या कापा, दोन्ही गोधड्यांवर अशा ठेवा की खिडकीतून फक्त जांभळा दिसेल. रंग एकच निघेल. चॅलेंजची खरी मजा इथेच आहे. एकच कापड आठ ठिकाणी आठ प्रकारे दिसायला लागलं, तर गटाने काम चांगलं केलं असं समजा. मात्र रांगेत टांगताना ज्या दोन गोधड्यांत हा फरक जास्त असेल त्या शेजारी लावू नका.

प्रश्न : तिसरा रंग म्हणून खण वापरायचा आहे. काठाने दशा सुटतात आणि इस्त्री करताना कापड सरकतं. (सोलापूर)

कापण्याआधी मागून इस्त्रीने चिकटणारं सर्वांत पातळ फ्युजिंग लावा. इस्त्री मध्यम ठेवा आणि वर सुती फडकं घाला. खणात रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा धागा असतो आणि सुतीच्या तापमानाला तो चकाकतो किंवा आखडतो. शिवणीला पाव इंचाऐवजी अर्धा इंच सोडा.

दुसरी बाब जास्त महत्त्वाची. पुष्कळ खणांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. असा तुकडा काटकोनात फिरवला की त्याचा रंग बदलतो. एका ब्लॉकमध्ये, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या एका चौकोनात, चार तुकडे चार दिशांनी लागले तर वेगवेगळ्या छटा दिसतील. हे हवं असेल तर मुद्दाम करा. नको असेल तर कापताना प्रत्येक तुकड्यामागे खडूने बाण काढा आणि सगळे बाण वर ठेवा.

खण, इरकल किंवा जुन्या साडीचा काठ घेताना रंग सुटतो का ते आधी तपासा. ओला पांढरा सुती तुकडा त्यावर ठेवून गरम इस्त्री दहा सेकंद दाबा. डाग आला तर ते कापड धुण्याच्या गोधडीत घालू नका. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून तयार कापडाचा रंग पक्का होत नाही. सुटा रंग भरपूर पाण्यात धुऊन काढणं एवढाच इलाज आहे. धुताना रंग पसरलाच तर गोधडी वाळू देऊ नका. मोठ्या बादलीत सोसेल तितक्या गरम साबणाच्या पाण्यात बुडवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. एकदा वाळून इस्त्री झाली की डाग काढणं फार अवघड जातं.

प्रश्न : हळदी पिवळा आहे म्हणून खऱ्या हळदीतच कापड रंगवलं. रंग अप्रतिम आला. साबणाने धुतल्यावर लालसर झालं! (रत्नागिरी)

हळदीतला रंग क्षारात तांबूस होतो आणि साबण क्षारीय असतो. लिंबू किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यातून काढलंत तर पिवळा परत येईल. पण खरी अडचण उन्हाची आहे. हळद उजेडात झपाट्याने उडते, आणि भिंतीवर लावायच्या कामात तर ती वापरूच नये.

त्याऐवजी डाळिंबाची साल घ्या. १०० ग्रॅम कोरड्या सुती कापडाला १०० ग्रॅम वाळलेली साल, तीन लिटर पाणी. साल रात्रभर भिजवा, पाऊण तास उकळा, गाळा. कापड आधी धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळून कांजी काढलेलं आणि ओलं असावं. ते सालीच्या काढ्यात मंद आचेवर तासभर ठेवा, मग १५ ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास. सारखं हलवत राहा, नाहीतर घडीवर पट्टे येतात. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत हाच पिवळा करडा-हिरवट होतो. गटाचं साडेचार मीटर कॅम्ब्रिक साधारण अर्धा किलो भरतं, नक्की वजन करून प्रमाण वाढवा आणि एकाच भांड्यात, एकाच वेळी रंगवा. हा पिवळा हळदीइतका झगझगीत नसतो, थोडा मोहरीकडे जातो. रंगसंगती त्याला धरून ठरवा.

प्रश्न : धावदोऱ्याचा दोरा कोणत्या रंगाचा घ्यावा? रिळावर जुळलेला दोरा कापडावर वेगळा दिसतो. (कोल्हापूर)

रिळावर दोरा गडद दिसतो. हातभर दोरा सोडवून त्याचा एकच पदर कापडावर ठेवा आणि मग ठरवा. कापडाशी एकरूप व्हायला हवा असेल तर दोन छटांतली गडद निवडा. फिकट दोरा टाक्याटाक्याला चमकतो.

ओळींतलं अंतर एक इंच असेल तर दोरा रेघ म्हणून दिसतो. पाव इंचावर आलात की तो कापडाच्या रंगात मिसळतो. जांभळ्यावर पिवळा दोरा इतका दाट घातला तर लांबून ते कापड करडं-तपकिरी वाटायला लागतं, कारण हे दोन रंग एकमेकांना मारतात. त्याच जांभळ्यावर गुलाबी किंवा निळा दोरा घ्या, तो जिवंत राहील. दोरा हाही रंगच आहे, तेव्हा चौथ्या रंगाचा दोरा चालेल की नाही ते नियमांत आधीच लिहून ठेवा.

प्रश्न : गटातल्या दोघी कवंदीच्या पद्धतीने करणार आहेत. त्यांना हे नियम कसे लावायचे? (बेळगाव)

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायांची ही गोधडी कडेपासून सुरू होते. तुकड्याच्या कडा दुमडत, शेजारचा तुकडा त्यावर चढवत, धावदोऱ्याने गोल फिरत मध्याकडे जायचं आणि कोपऱ्यांवर घडीच्या तुकड्यांची ‘फुला’ लावायची. आधी ब्लॉक मांडून रंग बघायची सोय इथे नाही आणि मध्याला येईतो आवडता रंग संपलेला असतो. म्हणून पिवळ्या कापडाचे सुरुवातीलाच तीन ढीग करा : कड, मधला पट्टा, मध्य. एका ढिगातलं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही. मापात मात्र अर्धा-पाऊण इंचाची सवलत द्या. या पद्धतीत शेवटी कड कापून सरळ करता येत नाही.

प्रश्न : सगळ्यांनी १६ बाय २४ च बेतलं, तरी आठ गोधड्या आठ मापांच्या झाल्या. दोन तर कडेला झालरीसारख्या हलतात. (डोंबिवली)

जितका धावदोरा दाट तितकी गोधडी आखडते. वरचा थर साडेसतरा बाय साडेपंचवीस ठेवा, अस्तर आणि मधला थर २० बाय २८. सगळा धावदोरा झाल्यावर गुण्याने चारी कोपरे काटकोनात धरून १६ बाय २४ ला कापा. कड हलते ती मधे दाट आणि कडेला विरळ टाके घातल्यामुळे. कडेपर्यंत सारख्या घनतेने जा. किनारीला अडीच इंची पट्ट्या दुहेरी घडी करून लावा. परीघ ८० इंच आणि जोड-कोपऱ्यांचे १० धरून ९० इंच होतात, म्हणजे ४४ पन्ह्याच्या तीन पट्ट्या, साडेसात इंच कापड. कडा सरळ असल्याने उरेब पट्टीची गरज नाही, उलट ती ताणली जाऊन कड पुन्हा हलायला लागते. दांडीसाठी मागे ९ बाय १६ इंचाच्या तुकड्याची नळी करून वरच्या कडेखाली अर्धा इंच सोडून हाताने शिवा. आठही जणींनी हे अंतर सारखं ठेवलं तर टांगताना रांग वरखाली होत नाही.