काचबिंदूच्या ऑपरेशनला पूर्ण भूल देतात का?

वडिलांना जिंतूरहून संभाजीनगरला नेताय आणि या वयात बेशुद्ध करतील का, ही धास्ती आहे, असं तुम्ही विचारलंय. मोठ्या माणसांचं काचबिंदूचं ऑपरेशन बहुतेक वेळा नुसता डोळा बधिर करूनच होतं. पूर्ण भूल लागते ती लहान मुलांना, किंवा ज्यांना स्थिर पडून राहताच येत नाही त्यांना.

नेहमीची पद्धत म्हणजे डोळ्याच्या खोबणीत, गोळ्याच्या बाजूने, लिग्नोकेन-ब्युपिव्हॅकेन या बधिर करणाऱ्या औषधांचं इंजेक्शन. टोचताना चुरचुरतं, ताण जाणवतो; मग पापणी जड होते आणि डोळा हलेनासा होतो. खरी मेख पुढं आहे. काचबिंदूत डोळ्याची नस आधीच दुबळी झालेली असते आणि इंजेक्शनच्या औषधामुळं आतला दाब थोडा वेळ वाढू शकतो. म्हणून नस फार खराब असेल तर बरेच सर्जन डोळ्यावरच्या पातळ पडद्याखाली बोथट नळीनं थोडंसं औषध सोडतात, कधी कधी तर थेंबांवरच भागवतात. तुमचे सर्जन काय करणार, ते सरळ विचारा. त्यात कसला संकोच!

इकोस्प्रिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनानं बंद करू नका. खोकला असेल तर तोही सांगा. टेबलावर खोकला आलाच तर आधी बोलून दाखवायचं, डोकं हलवायचं नाही.

ऑपरेशननंतर काही दिवस, कधी काही आठवडेही, त्या डोळ्यानं धूसर दिसू शकतं, घाबरू नका. आणि त्याच रात्रीच्या एसटीनं परत निघू नका, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तपासतात.