खोट्या घरट्यातले खरे पाहुणे

प्रश्न : जीपीएसवर शोधायच्या खजिन्यासाठी, म्हणजे जिओकॅशसाठी, लेकीने लाकडी घरट्यासारखा डबा करून सोसायटीतल्या आंब्याला टांगलाय. आता आत मुंग्या झाल्यात आणि भोकाशी दयाळाची जोडी घिरट्या घालतेय. काय करू? – एक आई, वाशी

उत्तर : आत चॉकलेट ठेवलंय ना? आधी ते काढा, वासाचं खोडरबरही. या खेळाच्या नियमांत खाऊला मनाईच आहे. शोधणाऱ्यांच्या सह्यांची वही रबरी रिंगवाल्या, फिरकीच्या झाकणाच्या डबीत घाला, नाहीतर जुलैत तिचा लगदा होईल.

दयाळाचं प्रकरण मात्र नाजूक. तो ढोलीत, भिंतीच्या भोकात घरटं करतो आणि उन्हाळा हा त्याचा विणीचा काळ. आत काड्या-मुळं दिसली तर डब्याला हात लावू नका. पिल्लं उडेपर्यंत ही जिओकॅश खेळाच्या ॲपवर तात्पुरती बंद ठेवा. अजून काही नसेल तर आजच भोकाला आतून फळी ठोका आणि तिला काळा रंग द्या, लांबून भोकच वाटेल. कोपऱ्यात मातीचा इवलासा रांजण चिकटलेला असेल तर ती कुंभारमाशी. असू द्या बिचारीला, सहसा डसत नाही.

आणि पुढचा डबा ठाण्याच्या येऊरला लावायचा बेत असेल तर तो सोडा. तिथलं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय काही ठेवायचं नाही.