वाचक विचारतात: मोबाइलवरची बीएमएक्स आणि खरी बीएमएक्स

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. दिवसभर मोबाइलवर टचग्राइंड बीएमएक्स २ खेळतो आणि आता खरी बीएमएक्स, म्हणजे उड्या-कसरतींची छोट्या चाकांची सायकल हवी म्हणून मागे लागलाय. त्याचे बाबा म्हणतात, गेममधल्या उड्या बाहेर मारायला जाईल आणि हातपाय मोडून घेईल. काय करू? (एक आई, कराड)

ताई, सायकल घेऊन द्या. बाबांची भीती खरी आहे, पण भीती आहे म्हणून सायकलच नको, हे मला पटत नाही. तो गेम मीही खेळतो. एक बोट हँडलवर, एक सीटवर ठेवायचं आणि बोटं फिरवून सायकल हवेत गिरकवायची, मस्त वाटतं. त्यातनं डोळा तयार होतो, म्हणजे उडी कुठून घ्यायची, उतरायचं कुठे, हे कळायला लागतं. अंग मात्र तयार होत नाही, कारण बोटाला वजन नसतं.

खऱ्या बीएमएक्सला शॉकअप नसतात, तुमचे गुडघे आणि कोपरं हेच शॉकअप. हा खेळ निघाला तो १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियात, मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत पळणाऱ्या मोटरसायकली बघून तिथली पोरं २० इंची चाकांच्या सायकली मातीत घालायला लागली. इंजिन नाही, मग वेग आणायचा कुठून, तर जमिनीतून! उंचवट्यावरून खाली जाताना हातापायांनी सायकल दाबायची, पुढच्या चढाला अंग सैल सोडायचं, की पायडल न मारता सायकल पळते. याला पंपिंग म्हणतात आणि मला विचाराल तर या खेळातली सगळ्यात आनंदाची गोष्ट हीच आहे, उडीचा नंबर त्यानंतर.

म्हणून त्याला पम्प्ड बीएमएक्स हा दुसरा गेमही खेळू द्या. उतारावर बोट दाबून धरायचं आणि टोकाला सोडायचं, आणि खाली येताना दोन्ही चाकं उताराला समांतर नसतील तर पडलात. हे बाहेरही अगदी असंच आहे, उतारावर उतरलं की धक्का पुढच्या वेगात जिरतो, सपाटीवर धाडकन पडलं की तोच धक्का गुडघ्यात आणि रिममध्ये जातो. फरक एवढाच की गेममध्ये पडल्यावर सेकंदात परत सुरू होतं आणि बाहेर कातडी सोलते.

बाबांसाठी एक अट सुचवतो. पहिले काही महिने रॅम्प नाही, फक्त बनी हॉप, म्हणजे सपाट जमिनीवरच दोन्ही चाकं उचलून मारायची उडी. आधी वजन मागे टाकून हँडल कमरेकडे ओढायचं, पुढचं चाक उठलं की हँडल पुढे ढकलायचं आणि पायांनी पायडल मागे खरवडल्यासारखे उचलायचे. सुरुवातीला जमिनीवर आखलेली खडूची रेघ, मग आडवी पडलेली वीट, ती सहज ओलांडायला लागला की उभी. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि ग्लोव्ह्ज नसतील तर त्या दिवशी सायकल बाहेर निघणार नाही, यात सूट नको. आणि मडगार्ड-कॅरिअरवाली, नुसती दिसायला बीएमएक्ससारखी जड सायकल असते ना, तिच्यावर पंपिंग शिकता येईल, पण उड्या नको, तिचा पुढचं चाक धरणारा चिमटा त्यासाठी बनवलेला नसतो.

प्रश्न: बीएमएक्स घेतली तर तीच कॉलेजला न्यायला चालेल का? ७ किलोमीटर आहे. (नागपूर)

नका नेऊ. गिअर एकच आणि सीट मुद्दाम खाली, कारण ही सायकल उभं राहून चालवायची असते. सात किलोमीटर बसून गेलात तर गुडघे बोलायला लागतील.

प्रश्न: मी २२ वर्षांची आहे. हे लहानपणीच शिकायचं असतं का? (पुणे)

अजिबात नाही, आणि यासाठी ब्रिटनच्या शार्लट वर्दिंग्टनचं उदाहरण मला फार आवडतं. ती आधी पायाने ढकलायची स्कूटर चालवायची, हॉटेलात शेफचं काम करायची आणि बीएमएक्सवर आली ती विशीच्या आसपास. बीएमएक्सची रेस २००८ ला बीजिंगमध्येच ऑलिम्पिकला आली होती, फ्रीस्टाइल, म्हणजे कसरतींची स्पर्धा, आली टोकियोत, २०२१ मध्ये. तिथे फायनलला दोन रन, त्यातला चांगला धरायचा. पहिल्या रनमध्ये तिने ३६० बॅकफ्लिप मारली, म्हणजे मागे कोलांटी घेता घेता एक पूर्ण गिरकी, आणि पडली. दुसऱ्या रनला सोपं काहीतरी करून मेडल घेता आलं असतं, पण तिने तीच परत मारली, या वेळी नीट उतरली, ९७.५० गुण आणि गोल्ड! तो रन मी कितीतरी वेळा बघितलाय, दर वेळी उतरते त्या क्षणी श्वास अडकतो. पण एक लक्षात घ्या, अशा ट्रिक हे लोक आधी स्पंजच्या खड्ड्यात शेकडो वेळा पडून शिकतात. तुम्हीही पडा, पण गवतावर पडा.

प्रश्न: आमच्या गावात ट्रॅक नाही. मित्राचं रिकामं रान आहे, आपणच बनवता येईल का? (बारामतीजवळून, चार मित्र)

येईल की, कॅलिफोर्नियातल्या पोरांनी तेच केलं होतं. मुरूम टाकून घ्या, नुसती काळी माती नको, ती ओली झाली की चाकाला चिकटते आणि वाळली की भेगाळते. उंचवटे लहान ठेवा. दोन उंचवट्यांच्या माथ्यांमधलं अंतर साधारण उंचीच्या दहापट, म्हणजे एक फूट उंच असेल तर दहा फूट, आणि मोजा टेपनेच, नजरेने मोजलं की पंपिंगची लय लागत नाही. थर टाकला की पाणी मारा, धुमसाने ठोका, मग वरचा थर. आणि हे दसऱ्यानंतर करा, पावसाळ्याच्या तोंडावर केलेलं सगळं वाहून जाईल आणि चौघांची मेहनत फुकट. वळणावर बाहेरची कड उंच घ्यायला विसरू नका.