खाणीच्या प्रस्तावित जागेजवळचं हवामान "निमशुष्क" आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

वर्षाचा पाऊस ढोबळमानाने २५० ते ५०० मिमी, पण खरी गोम पावसात नाही तर बाष्पीभवनात आहे, जेवढं पाणी वरून पडतं त्यापेक्षा कितीतरी जास्त उडून जायची ताकद तिथल्या हवेत असते. कोपेन या शास्त्रज्ञाने केलेल्या हवामानाच्या वर्गीकरणात याला बीएस (BS) म्हणतात, वर्षाचं सरासरी तापमान १८ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर बीएसएच (BSh, म्हणजे उष्ण निमशुष्क), खाली असेल तर बीएसके (BSk, म्हणजे थंड निमशुष्क).

आणि रिपोर्टमधल्या सरासरीवर फार जाऊ नका! अशा भागात एका वर्षी निम्माच पाऊस होतो आणि दुसऱ्या वर्षी दोन-चार सरींतच बराचसा कोटा पडून जातो, जमिनीवर कडक पापुद्रा असला की ते पाणी मुरत नाही, सरळ ओढ्याला लोंढा येतो. म्हणून खाणीचा गाळ साठवायचा तलाव सरासरी पावसावर नाही, तर सगळ्यात मोठ्या सरीच्या हिशोबाने बांधावा लागतो. धुळीचंही तसंच, कोरड्या महिन्यांत वारा कुठून कुठे वाहतो ते बघा, तुमची वस्ती त्या वाऱ्याच्या तोंडावर येते का ते कळेल. एकाच सीझनची आकडेवारी जोडली असेल तर निदान ३० वर्षांची मागा.