बीडच्या उन्हात कापूस वेचूनही व्हिटॅमिन डी कमी आलंय. गरोदरपणातली शुगर डीच्या गोळीने उतरेल का?
नाही, नुसत्या डीच्या गोळीवर विसंबू नका. ग्लुकोज पिऊन २ तासांनी शुगर १४०च्या वर आली असेल तर खाण्याचं पथ्य, जेवणानंतरचं चालणं आणि डॉक्टरांनी सांगितल्यास इन्सुलिन, हेच खरे उपाय. डी आणि शुगरचा संबंध आहे, तो असा: इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशी डी वापरतात, आणि ज्यांचं डी कमी त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळतो. पण डी दिल्याने तो हमखास टळतो, हे अजून सिद्ध नाही. बीडच्या उन्हात डी कमी कसं, तर कापूस वेचताना साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल. ऊन कातडीला लागतच नाही, आणि डी तर तिथंच तयार होतं. कमी आहे म्हटल्यावर गोळी घ्याच, पण डॉक्टरांना विचारून. ६०,००० युनिटची पुडी मेडिकलवरून परस्पर आणून रोज तर मुळीच घेऊ नका. बाळाला मात्र जन्मल्यापासून रोज ४०० युनिटचे थेंब द्या, कारण अंगावरच्या दुधात डी फार थोडं असतं. हे थेंब हाडांसाठी, शुगरसाठी नव्हे. बाटलीगणिक ताकद वेगळी असते, म्हणून सोबतच्या ड्रॉपरनेच मोजून पाजा.