तो भाग वेगळा?

पत्र थोडक्यात सांगते, कारण मूळ पत्र चार पानी आहे. पुण्यातला ४१ वर्षांचा सीए, मध्यम आकाराच्या फर्ममध्ये पार्टनर, ऑडिट बघतो. चार वर्षांपासून अमूर्त चित्रं काढतोय, रविवारी पहाटे नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर, बंद करून घेतलेल्या बाल्कनीत. एप्रिलमध्ये बँक ऑडिट आणि सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिट आलं की ब्रश तसेच पडून वाळतात. बायको आयटीत आहे, ती म्हणते फर्म सोड, मी आहे ना. आता फर्म सोडावी की चित्रांना छंद म्हणून मोकळं व्हावं हे त्याला कळत नाहीये, आणि 'मावशी, दोन्ही नीट जमेल का' असं विचारलंय.

अरे, तुझ्या चार पानांत एकच वाक्य कंसात आहे. तेवीस चित्रं झाली असं लिहिलंस आणि पुढे कंस टाकलास, 'सही वगैरे अजून कुठल्याच चित्रावर केलेली नाही, तो भाग वेगळा'. मी पत्र तिथेच खाली ठेवलं, उठून चहा टाकला, आणि परत तेच वाक्य वाचलं. तो भाग वेगळा कसा काय? बाकीच्या चार पानांत तू मला एप्रिल-सप्टेंबरचं वेळापत्रक, ईएमआय, मुलीची फी, पार्टनरचा स्वभाव, सगळं सांगितलंस, आणि जे सांगायचं होतं ते कंसात ढकललंस.

तुझा धंदाच सहीचा आहे. वर्षाला किती सह्या करतोस रे? प्रत्येक रिपोर्टखाली नाव, मेंबरशिप नंबर, ठिकाण, तारीख, वर तो १८ आकडी यूडीआयएन, म्हणजे प्रत्येक सहीमागचा वेगळा ओळख क्रमांक. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे ताळेबंद तुझ्या सहीवर बँकेत चालतात, आणि घरातल्या तेवीस कॅनव्हासवर तुझं नाव नाही! उद्या कुणी उचलून नेले तर ते तुझेच आहेत हे सांगायला बाल्कनीच्या फरशीवरचे डाग तेवढे उरतील.

माझा भाचा सीए आहे, त्याला मुद्दाम फोन लावला. म्हटलं, सही करताना तुझी खात्री किती असते रे. तो हसायलाच लागला, म्हणे मावशी शंभर टक्के कुणाचीच नसते, ऑडिटच्या स्टँडर्डमध्येच लिहिलंय वाजवी खात्री पुरे म्हणून, पै न पै तपासत बसलो तर कुठल्याच कंपनीचा रिपोर्ट बाहेर पडायचा नाही, म्हणून तर शब्द ट्रू अँड फेअर आहे, खरं आणि रास्त, बिनचूक नाही. आणि एकदा सही झाली की ६० दिवसांत फाईल बांधून टाकायची, मग तिच्यातला एक कागद काढता येत नाही. हे सगळं तू रोज करतोस. फर्ममध्ये करतोस आणि बाल्कनीत शिरलास की विसरतोस.

ते नऊ नंबरचं राखाडी चित्र बघ. तूच लिहिलंयस की दिवाळीत ते जमलं होतं. मग जानेवारीत एका रात्री झोप येईना म्हणून रोलर घेऊन त्यावर पिवळा चढवलास, आणि आता खालचं राखाडी फक्त डाव्या कडेला दिसतं, बोटभर. बोटभर! मला खरंच वाईट वाटलं त्या राखाडीचं. टर्पेंटाइनचा वास घरात नको म्हणून तू ॲक्रिलिक घेतलंस ते ठीक, पण त्याची खोडच ही, अर्ध्या तासात वाळतं आणि परत हात लावायला बोलावतं. तेलरंग निदान चार दिवस थांबवून तरी ठेवतो. समोर झाड नाही, चेहरा नाही, तर झालं की नाही हे कशाशी ताडून बघणार, ते चित्र काढणाऱ्यानेच ठरवायचं असतं, आणि तू चार वर्षं ते ठरवायचं टाळतोयस. वेळ नाही म्हणून टाळतोयस असं मला वाटत नाही.

कारण वेळेचा हिशेब मी करून बघितला. चार वर्षांत तेवीस, म्हणजे वर्षाला साधारण सहा. गायतोंडे, जेजे स्कूल ऑफ आर्टमधून शिकून पुढे दिल्लीच्या निजामुद्दीनमध्ये जाऊन राहिलेले आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे, वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करायचे, आणि त्यांना टॅक्स ऑडिट नव्हतं. (तुझी तुलना त्यांच्याशी करत नाहीये, हुरळून जाऊ नकोस, फक्त आकडा सांगतेय.) चित्रकार प्रभाकर बरव्यांनी हातमागाच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये कितीतरी वर्षं सरकारी नोकरी केली, आधी बनारसला मग मुंबईत, अमूर्त चित्रं काढणारे अंबादासही त्याच खात्यात होते. तेव्हा फर्ममुळे अडलंय हे मला सांगू नकोस.

आता बायको. तिचं कौतुक तू दीड पान केलंयस, मी करणार नाही. 'सगळीच छान आहेत, सोड फर्म' असं ती म्हणते ना, तर सगळीच छान कशी असतील? तेवीसमधली तीन तरी टुकार असणार. न बघता दिलेला क्लीन रिपोर्ट आहे हा, दुसऱ्या ऑडिटरने असा दिला असता तर तू त्याला फाडून खाल्लं असतंस. मनाने चांगली आहे, असेल, पण तिने एकदा बाल्कनीत खुर्ची टाकून बसावं आणि कुठलं आवडत नाही ते सांगावं, पगाराच्या भरवशापेक्षा त्याचा तुला जास्त उपयोग होईल.

तर येत्या रविवारी एवढंच कर. नऊ नंबर सोड, ते गेलं. सतरा नंबर काढ, ज्याचा उजवा वरचा कोपरा तुला खटकतो असं लिहिलंयस. तो कोपरा तसाच राहू दे, रोलर धुवून वर माळ्यावर टाक आणि सही कर. पुढून नको वाटत असेल तर मागून कर, गायतोंड्यांच्याही कितीतरी कॅनव्हासवर सही मागेच आहे. मी मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीला वर्षानुवर्षं जातेय, निम्मे लोक चित्र बघायच्या आधी वाकून कोपऱ्यातली सही वाचतात, त्यांची तेवढी पंचाईत होईल, होऊ दे. मराठीत पूर्ण नाव, साल, इंचात माप, ॲक्रिलिक ऑन कॅनव्हास. मग ते हॉलमध्ये लाव आणि ६० दिवस हात लावू नकोस, आणि एकसष्टाव्या दिवशीही नको.

फर्म सोडायचं पत्र मला त्यानंतर लिही, आत्ता मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही.

आणि हो, मार्करने कापडावर लिहू नकोस, शाई पुढे उतरते. मागच्या लाकडी पट्टीवर लिही, पेन्सिलने लिहिलंस तरी चालेल.