फिनलंड आनंदी, सुखी की समाधानी?

प्रश्न असा आलाय की दरवर्षी मार्च महिन्यात बातमी येते, 'फिनलंड जगातला सर्वात आनंदी देश', कुणी 'सर्वात सुखी देश' छापतं, तर इंग्रजीतल्या 'हॅपी'ला यातलं बरोबर कुठलं? आणि सोबत एक उपप्रश्न, वेल-बीइंगला 'कल्याण' चालेल का.

आधी माझं मत सांगून टाकतो, मग कारणं. दोन्ही नको, समाधानी म्हणा. कल्याणबद्दल शेवटी.

हे तीन शब्द आपण समानार्थी म्हणून शाळेत पाठ केलेत खरे, पण त्यांची क्रियापदं बघा, सगळं तिथेच कळतं. आनंद होतो. म्हणजे ती घटना आहे, निकाल लागला, आनंद झाला, संध्याकाळपर्यंत ओसरला. 'मला गेली वीस वर्षं आनंद होतोय' असं कुणी म्हणालं तर आपण जरा काळजीनेच बघू त्याच्याकडे. सुख होत नाही, ते मिळतं, लाभतं, लोक ते भोगतात आणि काहींना ते बोचतं सुद्धा. ती परिस्थिती आहे, बऱ्याचदा बाहेरची. म्हणून तर सुखसोयी, सुखवस्तू, सुखासीन असे शब्द झाले, आनंदसोयी नाही झाल्या. आणि सुखाचं अनेकवचन बिनधास्त होतं, 'सगळी सुखं हात जोडून उभी', आनंदाचं करून बघा, जीभ अडखळते.

समाधान मात्र वाटतं, मिळतं आणि मुख्य म्हणजे मानलं जातं. आता कुणी म्हणेल आनंदही मानतात की, 'आहे त्यात आनंद मानावा'. बरोबर, पण मानणं आलं की हिशोब आला, काय हवं होतं आणि काय हातात आलं याची तुलना आली. आनंदाला तो हिशोब कधीमधी करावा लागतो, समाधानाचा तर तो पोटापाण्याचा धंदाच आहे.

आता फिनलंड. त्या बातमीमागची देशांची क्रमवारी ज्या प्रश्नावर बेतलेली असते त्यात हॅपी हा शब्दच नाहीये! लोकांना सांगतात की एक शिडी डोळ्यासमोर आणा, सगळ्यात खालची पायरी ० म्हणजे तुमच्यासाठी वाईटात वाईट आयुष्य, सगळ्यात वरची १० म्हणजे चांगल्यात चांगलं, तर तुम्ही सध्या कितव्या पायरीवर उभे आहात. हॅडली कँट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली ही शिडी मांडली म्हणून तिला कँट्रिलची शिडी म्हणतात, आणि तीन-तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढून देशांचे नंबर लावतात. २०१८ पासून फिनलंड सलग कित्येक वर्षं पहिला येतोय तो या पायरीवर. 'काल तुम्ही भरपूर हसलात का' हा प्रश्न वेगळा विचारतात आणि तो विचारला की चित्र बदलतं, पनामा, पॅराग्वे असे देश वर सरकतात. तर हसणारे ते आनंदी, आणि शिडीवर उभं राहून 'ठीक चाललंय, आठव्या पायरीवर आहे' म्हणणारे ते समाधानी. 'पण फिनिश लोक तर हसतानाही दिसत नाहीत' ही जी दरवर्षी चेष्टा होते ना, तिची अर्धी जबाबदारी भाषांतराची आहे.

हा नुसता शब्दांचा कीस नाहीये. 'पैशाने सुख मिळतं का' याचं उत्तरच शब्दावर फिरतं. २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी अमेरिकेतली साडेचार लाखांहून जास्त उत्तरं तपासली तेव्हा दिसलं की उत्पन्न वाढेल तशी शिडीवरची पायरी वर जातच राहते, पण रोजची मनःस्थिती वर्षाला साधारण ७५ हजार डॉलर्सनंतर फारशी सुधारत नाही. (२०२३ मध्ये कानेमननीच मॅथ्यू किलिंग्सवर्थ वगैरेंबरोबर परत बघितलं तर मनःस्थितीचं हे अडणं मुख्यतः सगळ्यात कमी आनंदी गटातच सापडलं, बाकीच्यांची मनःस्थिती पुढेही सुधारत होती. आधीच्या आकड्याची बातमी अजून फिरते, दुरुस्तीची फारशी नाही.) इंग्रजीत दोन्हीला हॅपिनेस म्हणून टाकल्यामुळे लोक वाद घालत बसतात. आपल्याकडे शब्द वेगळे आहेत तर आपण का गोंधळ घालायचा?

समाधानाच्या पोटात 'एकत्र ठेवणं, नीट बसवणं' असा अर्थ आहे, सम्, आ आणि धा, समाधी पण त्याच धातूची. मन नीट बसलं की समाधान. शंकासमाधानात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. मात्र जाहिरातीत 'समस्येचे समाधान' दिसलं की ते हिंदीतून आलंय हे ओळखा, मराठीत समस्येवर तोडगा निघतो, समाधान माणसाचं होतं.

सुखाची ती रथाची गोष्ट पण फिरत असते, 'ख' म्हणजे चाकाचं भोक, ते चांगलं असलं की रथ हादरत नाही म्हणून सुख. ऋग्वेदात सुख हे रथाचं विशेषण म्हणून येतं, सहज चालणारा अशा अर्थी, हे खरंच आहे. पण काही अभ्यासक शब्दाची फोड 'सुस्थ'वरून लावतात, त्यामुळे भोकाची गोष्ट अंतिम सत्य म्हणून पुढे पाठवू नका. मला आवडते मात्र.

आता कल्याण. कल्याण दुसरा कुणीतरी करतो, सरकार करतं, देव करतो, आशीर्वाद देणारे चिंततात. 'तुमचं कल्याण कसं आहे' असं विचारता येत नाही, आणि 'झालं कल्याण!' म्हटलं तर अर्थ बरोब्बर उलटा. (आनंदाचंही तेच, 'तिथे सगळा आनंदीआनंद आहे' म्हणजे बोंब आहे.) योजनेच्या नावात ठीक, माणसाच्या मनाला नको. पुस्तकी लिहायचं असेल तर स्वास्थ्य घ्या. स्व-स्थ म्हणजे आपल्या जागी असलेला, आणि मराठीत अस्वस्थ माणूस आजारी नसतो, बेचैन असतो, हिंदीत तो सरळ आजारी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून लागू असलेल्या घटनेत आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक वेल-बीइंग असं म्हटलंय, तिथे स्वास्थ्य छान बसतं.

पण बोलण्यातलं विचाराल तर तो शब्द आहे 'बरं'. ताप उतरला की बरं वाटतं, जुना मित्र भेटला की बरं वाटतं, कुणी नुसतं ऐकून घेतलं तरी बरं वाटतं. शरीर, मन, माणसं, तिन्हीला एकच. प्रश्नावलीत 'आपले वेल-बीइंग कसे आहे'च्या जागी 'हल्ली एकंदरीत कितपत बरं वाटतं' विचारलं तर कुणालाही खुलासा करून सांगावा लागणार नाही, फक्त नुकतंच आजारातून उठलेलं कुणी असेल तर तो तब्येतीबद्दलच सांगत बसेल, तेवढं धरून चाला.